हायस्कूलचा इतिहास लिहिताना: जनरल रजिस्टर, फेरफार आणि जुन्या माणसांच्या आठवणी

आमच्या हायस्कूलचा हीरक महोत्सव करायचं ठरलं आणि स्मरणिकेतला 'शाळेचा इतिहास' माझ्या गळ्यात पडला. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी, नोकरी संपवून गावी परतलेला, हातात रिकामा वेळ असलेला. समितीला एवढी पात्रता पुरली. नमुना म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिका दिली. तिच्यात इतिहास दोन पानांचा होता: ज्ञानाची गंगा दारी आली, संस्थापकांची दूरदृष्टी, दानशूर ग्रामस्थ, मग अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची यादी, आणि लगेच खतांच्या दुकानाची जाहिरात. गावाचं नाव बदललं असतं तर हाच मजकूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला खपला असता. तसलं लिहायचं नाही, एवढंच तेव्हा मनाशी ठरवलं. काय लिहायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. स्वातंत्र्याच्या आसपास इथल्या पोराला सातवी फायनलच्या पुढं शिकायचं तर गाव सोडावं लागे. कुणी औंधला जाई, तिथं संस्थानाचं हायस्कूल होतं. कुणी साताऱ्याला. तिथं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं न्यू इंग्लिश स्कूल १८९९ पासूनचं, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० मध्ये काढलेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली खरी, पण आमच्यासारख्या आडबाजूच्या गावात हायस्कूल यायला पन्नासचं दशक उजाडावं लागलं. रयतचं बघून ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी आपापल्या संस्था काढल्या. आमची त्यातलीच, एकच शाळा असलेली. मोठ्या संस्थेला मुख्य कार्यालय असतं, दप्तर असतं. आमच्याकडे एक लाकडी पेटी होती आणि तिची किल्ली कुणाकडं आहे यावर तीन मतं होती.

साठ वर्षं नक्की कधी भरतात, यावरच पहिली सभा गाजली. कोनशिलेवर एक साल, खात्याच्या मान्यतापत्रावर दुसरं, संस्थेच्या नोंदणीच्या दाखल्यावर तिसरं. गंमत म्हणजे तिन्ही खरी होती. आधी चार माणसं बसून संस्था करतात, जूनमध्ये देवळात नाहीतर चावडीत आठवीचा वर्ग भरतो, मग साहेब येऊन तपासणी करतात आणि मान्यता मिळते. इमारत आणि तिची कोनशिला सगळ्यात शेवटी. एका सभासदांचा कोनशिलेसाठी फार आग्रह होता, कारण तिच्यावर मंत्र्यांचं नाव होतं. मी सुचवलं की जनरल रजिस्टरात पहिल्या मुलाचं नाव ज्या तारखेला चढलं, तो शाळेचा जन्मदिवस धरू. मुख्याध्यापक मॅडमनी ते उचलून धरलं आणि वाद मिटला. हे मी केवळ तोडगा म्हणून बोललो होतो. पुढचं सगळं काम त्या रजिस्टराभोवतीच फिरणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

जनरल रजिस्टर हे शाळेचं कायमस्वरूपी दप्तर. ते शाळेबाहेर जात नाही. मॅडमकडे रीतसर अर्ज दिला, तरी आमच्या क्लार्कनं, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, पहिल्याच दिवशी बजावलं, "इथं माझ्यासमोर बसून वाचायचं. मोबाइलवर फोटो नाही." बरोबरच होतं त्यांचं. त्यात माणसाची जात, जन्मतारीख, बापाचं नाव सगळं असतं. जातपडताळणीसाठी आजही लोक त्यातल्या पणजोबांच्या नोंदी शोधत येतात, आणि एखाद्या नोंदीत कुणी शाई फिरवली तर कुणाचं तरी आयुष्य उलटंपालटं होतं. मी नावं टिपायची नाहीत असं ठरवलं. फक्त रकाने वाचायचे आणि वहीत रेघा मारत आकडा मोजायचा.

रकाने ठरलेले: अनुक्रमांक, पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जन्मतारखेचा रकाना वाचताना पहिल्यांदा हसू आलं. १ जून, १ जून, १ जून. पानंच्या पानं. पोराला पहिलीत घालताना जन्माची नोंद कुणाकडं नसे. गुरुजी वय बसेल असं साल धरून १ जून टाकत आणि पुढं तीच तारीख दाखल्यावरून हायस्कुलात येई. आमच्या गावचे एवढे नोकरदार एकाच दिवशी, ३१ मेला, का निवृत्त होतात याचं उत्तर त्या रकान्यात आहे. मीही त्यातलाच.

खरा ऐवज मात्र दोन रकान्यांत निघाला: 'यापूर्वीची शाळा' आणि 'शाळा सोडल्याचे कारण'. पहिल्यावरून शाळेचा घेर कळतो. सुरुवातीच्या वर्षांत आसपासच्या पाच-सहा गावांची आणि वाड्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या काही वाड्या आजही गाडीनं गेलं तरी दूर वाटतात, आणि ही पोरं रोज चालत येत. मग हळूहळू एकेक गाव यादीतून गळतं, कारण त्या गावात स्वतःचं हायस्कूल झालेलं असतं. आमच्या शाळेची पटसंख्या एका टप्प्यावर का घसरली, याच्या गावात नाना कथा होत्या, मुख्याध्यापकांचं भांडण इथपासून पंचायतीचं राजकारण इथपर्यंत. रकान्याला विचारलं तर शेजारच्या गावात शाळा निघाली होती, बस.

दुसऱ्या रकान्यात साधारण ठरावीक शब्द असतात. 'पुढील शिक्षणासाठी', 'पालकांच्या अर्जावरून', 'सतत गैरहजर सबब नाव कमी'. १९७२ च्या पावसाळ्यानंतर या शेवटच्या शेऱ्याची रांगच लागते. दुष्काळात ही मुलं कुठं होती हे रजिस्टर सांगत नाही. ते मला त्यातल्याच एका नानांनी सांगितलं. "कुठं म्हंजी? खडी फोडाय. आईबा बी तिथंच." दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी त्यांना जशाच्या तशा आठवत होत्या. नववीतून गेले ते परत आलेच नाहीत. पुढच्या जूनमध्ये काहींची नावं पुन्हा दाखल झालेली दिसतात, पण गेली त्या मानानं आली ती थोडी.

१९८२ चं पान उलट्या बाजूचं. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसं गिरणीत, नाहीतर माथाडीत. काही महिन्यांनी आमच्या रजिस्टरात 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात परळ, लालबाग, नायगाव दिसू लागतं, तेही वर्षाच्या मधेच. तिकडं खोलीत बसून खायचं काय, म्हणून बायकापोरं गावी पाठवली होती. या पोरांना चाळीतली भाषा, इथल्या पोरांना माणदेशी, त्यावरून वर्गात होणाऱ्या मारामाऱ्या तेव्हाच्या पोरांना आजही आठवतात. गिरणी संपावर केवढं तरी लिहून झालंय, पण तो संप आमच्या शाळेच्या तुकड्या वाढवून गेला, हे गावात कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं लिहावं लागेल. सुरुवातीच्या वर्गांत त्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यांच्या पुढं कारणाचा रकाना बहुतेक वेळा 'लग्न' एवढाच. काही ठिकाणी 'घरगुती अडचण'. पण भेटायला गेलो तर निम्म्या जणींनी सांगितलं की लग्न नंतर झालं, आधी धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. रजिस्टरात लिहायला 'लग्न' सोपं होतं. तेव्हापासून मी कारणाच्या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं सोडलं. मुलींची संख्या नंतर वाढत गेली त्याला फीमाफी हे एक कारण, आणि दुसरं, माझ्या मते त्याहून मोठं, एस.टी.चा मोफत पास. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास सुरू झाल्यावर लांबच्या वाड्यांची नावं मुलींच्या पुढं दिसायला लागतात. जी वाट बापाला पोरीसाठी धोक्याची वाटत होती, ती एस.टी.नं सोपी केली.

जुन्या माणसांना साल विचारून उपयोग नसतो, हे लवकरच कळलं. "आसंल साठ-पासष्टात" याच्यापुढं गाडी जात नाही. मग मी साल विचारणं बंद केलं आणि प्रसंग विचारायला लागलो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कितवीत? ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट त्या वयाच्या कुणालाही विसरता येत नाही. "दहावीत. वर्ग पटांगणातच भरायचा, पत्रं हालायची म्हणून." झालं, एका वाक्यात साल मिळालं, इयत्ता मिळाली आणि तेव्हा शाळेवर पत्रे होते हेही. दुष्काळाआधी की नंतर, गावात लाइट आली तेव्हा शाळेत होता का, अशा खुणा लावत गेलं की आठवणी आपोआप रांगेत बसतात.

याच बोलण्यांतून १९७५ चा घोळ उलगडला. आमच्याकडे अजून जुनी माणसं 'अकरावी मॅट्रिक' म्हणतात. तशी मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची परीक्षा. तिची जागा १९४९ पासून एस.एस.सी.नं घेतली होती, पण तोंडातला शब्द राहिला. ती अकरावीला असे. मग १०+२+३ चा आकृतिबंध आला. जून १९७२ मध्ये आठवीत बसलेली मुलं नव्या दहावीची, आणि नववीत बसलेली जुन्या अकरावीची. दोन्ही परीक्षा येऊन आदळल्या मार्च १९७५ मध्ये. मधे दुष्काळ. आमच्या छोट्या शाळेत एकाच वर्षी दोन वर्ग परीक्षेला, दोन अभ्यासक्रम, शिक्षक मात्र तेवढेच. दोन भाऊ एकाच वर्षी एस.एस.सी.ला बसले, थोरला अकरावीचा आणि धाकटा दहावीचा. धाकटा पास झाला. थोरला नापास होऊन मुंबईला गेला तो गेलाच. धाकट्यानं हे सांगितलं तेव्हा थोरले शेजारच्याच खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "आमचा कोर्स अवघड हुता." यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

अकरावी गेल्यावर मोठ्या शाळांनी कनिष्ठ महाविद्यालयं काढली. आमच्यानं ते जमलं नाही, खोल्या नव्हत्या आणि पैसाही. त्यामुळं जी शाळा आधी गावच्या पोराला एस.एस.सी.पर्यंत अकरा वर्षं गावात ठेवत होती, ती आता दहाच वर्षं ठेवू लागली आणि पुढचं गाठायला पुन्हा तालुक्याचा रस्ता. कागदावर शाळेची प्रगती झाली होती. गावकऱ्यांच्या लेखी एक इयत्ता हातची गेली होती.

परीक्षा मंडळाचं केंद्रही सुरुवातीला आमच्याकडे नव्हतं. पहिल्या तुकड्या परगावी जाऊन राहत, कुणाच्या तरी पडवीत, सोबत पीठ-मीठ, स्टोव्ह आणि स्वैपाकाला एखादी म्हातारी. निकाल पेपरात यायचा आणि पेपर एस.टी.नं दुपारी. १९६६ मध्ये राज्य मंडळ अस्तित्वात आलं, पुढं विभागीय मंडळं झाली, आमचा जिल्हा पुण्यातून कोल्हापूर विभागात गेला. हे सारं लेखात एका परिच्छेदात उरकलं. कुणाच्या पडवीत राहिलो हे मात्र प्रत्येकानं आवर्जून लिहून घ्यायला लावलं.

पेटीची किल्ली शेवटपर्यंत मिळाली नाही. कुलूप तोडलं. आत प्रोसिडिंग बुकं, फीची पुस्तकं आणि एक धान्याचं खातं होतं. ठरावांखाली सूचक, अनुमोदक, काही सह्या मोडीत, काही अंगठे. फीच्या पहिल्या पुस्तकात रुपये-आणे-पै. १ एप्रिल १९५७ नंतर नवे पैसे आले, तरी लिहिणाऱ्याचा हात वळायला वेळ लागलेला दिसतो. आधी आण्यात लिहून खोडलंय. १९५९ मध्ये ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीसवलत आल्यावर फीबाकीच्या याद्या एकदम आटतात आणि त्यांची जागा उत्पन्नाचे दाखले घेतात. धान्याचं खातं मुष्टिफंडाचं. दळायच्या आधी घरोघरी रोज एक मूठ बाजूला ठेवायची, ती मुलांनी गोळा करून आणायची. ज्वारी-बाजरीची नोंद पायलीत. त्यातून मास्तरांचा पगार निघे, किंवा निघत नसे. एका दिवंगत शिक्षकांच्या पत्नी म्हणाल्या, "पगाराऐवजी जोंधळं यायचं. मी म्हणायची, निदान निवडून तरी द्या." १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची त्याची नियमावली यांनी शिक्षकाच्या नोकरीला कायद्याचा आधार दिला, त्याच्या आधीच्या माणसांनी कशावर काढलं हे मला त्या खात्यावरून कळलं.

शेरेबुक हा आणखी एक खजिना. तपासणीला येणाऱ्या साहेबांचे शेरे: प्रयोगशाळेचं साहित्य अपुरं, मुलींसाठी स्वतंत्र मुतारी नाही, नकाशे फाटके. मुतारीचा शेरा वर्षानुवर्षं त्याच शब्दांत येतो. तो मी लेखात जसाच्या तसा घातला.

जमिनीच्या प्रकरणानं मात्र समितीत बराच ताप झाला. गावात सर्वमान्य गोष्ट अशी, की शाळेची सगळी जागा एका दात्यानं दिली. मला त्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं. क्षेत्र नीट लिहावं म्हणून सातबारा काढला, इतकंच. त्यावर फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलाच्या नोंदीचे, दोन वेगवेगळे क्रमांक. तलाठ्याकडे तेवढं जुनं दप्तर नव्हतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज केला आणि वाट पाहिली. नकला आल्या. मोठा तुकडा दात्याचाच, बक्षीसपत्रानं दिलेला. पण रस्त्याकडचा भाग, ज्याच्याशिवाय शाळेला वाटच नव्हती, तो तीन लहान शेतकऱ्यांकडून अदलाबदलीनं आला होता, आणि बदल्यात त्यांना मिळालेली जमीन ओढ्याकाठची खडकाळ. ही तीन नावं ना कोनशिलेवर, ना कुठल्या स्मरणिकेत.

समितीत काहींचं म्हणणं, हे आता कशाला उकरायचं. दात्यांच्या नातवांना राग येईल. मी नकला घेऊन स्वतःच त्यांच्या घरी गेलो. थोरल्या नातवानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "आजोबांचं खरं हाय का नाय?" खरंच आहे म्हटल्यावर त्याची काही हरकत नव्हती. अडचण उलट बाजूनं आली. तिघांपैकी एकाच्या वारसांना वाटलं की आता खडकाळ जमिनीचा मोबदला मागता येईल. त्यांना समजावायला सरपंच, वकील आणि भरपूर चहा लागला. नावं छापली, गट नंबर छापले नाहीत. ही तडजोड मला पटलेली आहे.

शेवटच्या पंचवीस वर्षांबद्दल लिहिणं सगळ्यात कठीण गेलं. आजूबाजूला विनाअनुदानित शाळा झाल्या, २०१२ च्या कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मिळाली, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसा वाडीपर्यंत येऊ लागल्या. दर वर्षी संच मान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा खात्याचा कागद, आली की किती शिक्षक टिकतात याची धाकधूक. अध्यक्षांना हा भाग नको होता. उत्सवात रडगाणं कशाला, म्हणाले. मॅडमनी मधला मार्ग काढला: टीका नको, फक्त दर पाच वर्षांचा पट एका तक्त्यात छापायचा. तसाच छापला. ज्याला वाचायचं तो वाचतो. अध्यक्षांचा फोटो अर्थातच पूर्ण पान आहे.

कच्चा मजकूर मी समितीपुढं न वाचता आधी सहा-सात जुन्या विद्यार्थ्यांपुढं देवळात वाचला. त्याचा मोठा फायदा झाला. दोन शिक्षकांच्या कारकिर्दी उलटसुलट लागल्या होत्या, त्या तिथंच सरळ झाल्या. एका मारकुट्या मास्तरांबद्दल मी सौम्य लिहिलं होतं. ते ऐकून लोक हसले आणि म्हणाले, राहू दे, त्यांची पोरं वाचतील.

स्मरणिका निघाली, वाटली, संपली. आता मॅडम आणि भाऊसाहेबांशी बोलणं चाललंय ते रजिस्टरांचं. पहिल्या दोन खंडांची पानं कडेनं तुटतायत. एका हितचिंतकानं सगळं लॅमिनेट करून देतो म्हणून सांगितलं होतं. त्याला हात जोडले, कारण एकदा प्लास्टिकमध्ये गेलेलं जुनं पान पुन्हा बाहेर काढता येत नाही. तूर्त ते दोन खंड धुतलेल्या सुती कापडात बांधून आडवे ठेवलेत, त्यांचं स्कॅनिंग शाळेतच, भाऊसाहेबांच्या देखरेखीखाली सुरू आहे. बाकीच्यांसाठी लोखंडी कपाटाचा ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक भाऊसाहेब. पैशांची तरतूद पुढच्या सभेवर ढकलली आहे.